हातचा

रेडिओ म्हणाला, सोळा.
नेफ्तालीच्या गाडीच्या टपावर ठेवलेला बॅटरीचा रेडिओ,
भोवती आम्ही पेट्रोलच्या रांगेतले,
पहाटे चारपासून रिकामे डबे घेऊन उभे.
सोळा, म्हणाला, आणि लगेच
गाद्यांच्या एका दुकानाची जाहिरात लागली.
त्या दुकानाला छप्पर उरलेलं नाही.

सोळा? इर्माइदा हसली.
सोळा तर आमच्या एका ओढ्यानेच नेले.
तिने ओढा पाहिला नव्हता, जावेने पाहिला होता,
जावेनेही नाही, जावेच्या भावाने,
पलीकडच्या काठावरून, पूल गेल्यावर,
आणि विचारत विचारत मी त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा
तो म्हणाला, गुरं होती हो.
थोडं थांबून म्हणाला,
बहुतेक गुरंच.

इस्पितळामागे एक पांढरा ट्रक उभा होता,
रात्रंदिवस घरघरणारा, आत बर्फाची थंडी.
सकाळी त्यात चाळीस होते,
दुपारी ऐंशी, कारण वरच्या फळ्याही भरल्या म्हणे.
संध्याकाळी आणखी एक ट्रक आला होता
जो कुणीच पाहिला नाही.

मी गेले. राजधानीतून आलेला ड्रायव्हर,
मिसरूडही न फुटलेला,
दार उघडून म्हणाला, बघा.
लशींची खोकी, बर्फ,
आणि मागे चादरीखाली पाच.
दोघांच्या पायाला चिठ्ठ्या होत्या.

परत येऊन रांगेत सांगितलं, पाच.
कुणाला पटलं नाही.
तुला असंच सांगायला लावलंय, म्हणाले,
आणि नेफ्तालीने, जो मला लहानपणापासून ओळखतो,
रेडिओचा आवाज वाढवला.

माझा बाप वादळात गेला नाही.
वादळाच्या रात्री तो डॉमिनो खेळला, जिंकलाही.
बाविसाव्या दिवशी डिझेल संपलं,
आणि ते यंत्र, जे नळीतून त्याला हवा पाजायचं,
दोनदा शिट्टी वाजवून गप्प झालं.
डोंगरातले बेडूक अजून परतले नव्हते.
इतकी शांतता होती
की मला त्याचा प्रत्येक श्वास मोजता आला.
आकडा मी कुणाला सांगितलेला नाही.

खिडकीतल्या बाईने विचारलं,
पाण्याने? वाऱ्याने? काही अंगावर पडून?
नाही.
मग वादळात नाही.
तिने लिहिलं, नैसर्गिक,
आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली,
माझी आईसुद्धा.

शाळा सुरू झाली, निळ्या ताडपत्रीखाली.
फळा ओला, म्हणून पुठ्ठ्यावर कोळशाने
तिसरीला बेरीज शिकवते.
आठ आणि सात पंधरा,
पाच खाली लिहा, एक हातचा.
सोरेलीने विचारलं, बाई,
हातचा मिळवायला विसरलं तर?
उत्तर चुकतं.
एकाने?
नाही गं. दहाने.
मी हे वीस वर्षं शिकवत आले आहे
आणि त्या दिवशी प्रथमच
पुठ्ठ्याकडे तोंड करून उभी राहिले, बराच वेळ.

रेडिओ अजून सोळावरच आहे.
परवा रांगेत माझ्यापुढे एक अनोळखी माणूस
दुसऱ्या अनोळखी माणसाला सांगत होता,
वरच्या वाडीत, शाळेमागच्या गल्लीत,
एका रात्रीत नऊ म्हातारे गेले,
श्वास न मिळून, एकामागून एक.
त्या गल्लीत तीन घरं आहेत.
म्हातारा एकच होता.

त्याने वळून मला विचारलं,
तुम्ही तिकडच्याच ना? खरं आहे का हे?
रांग पुढे सरकली.
मी डबा उचलला
आणि हो म्हणाले.