दोनशे सदतीस

नारीनच्या वरच्या अंगाला, जिथे डांबर संपतं
आणि घोड्यांच्या खुरांनी कोरलेली वाट सुरू होते,
तिथे यादीतलं सातवं घर.
तीनदा कुलूप. तीनदा कागदावर ‘भेट झाली नाही’.
चौथ्यांदा मला पाठवलं,
बिश्केकच्या कचेरीत बसून
माणसांना वजनं लावणाऱ्या बाईला.

बंद घराचं आम्ही काय करतो, सांगते.
तशाच ऐपतीच्या शेजाऱ्याची उत्तरं
उचलून तिथे ठेवतो.
एकाच्या चुलीवर दुसऱ्याची भाकर.
हिशेब बसतो, रात्री झोपही लागते.
पण इथे शेजारच नव्हता
ज्याच्याकडून काही उसनं आणावं.

दार उघडलं सायराकानने,
कोपरापर्यंत ओली लोकर.
“माझंच दार का?”
म्हटलं, चिठ्ठी निघाली. यंत्राने काढली.
“म्हणजे नशीब.”
नाही हो, नशिबाची शक्यता आधी कुणी लिहून ठेवत नाही.
तुमची लिहिली होती: दोनशे सदतिसात एक.
म्हणून तुम्ही जे सांगाल
ते दोनशे सदतीस घरांच्या वतीने.

ती गप्प झाली. हात धुतले.
डोक्याचा रुमाल बदलून आली.
“एवढ्या बायका येणार ठाऊक असतं
तर चहा जास्त टाकला असता.”

मेंढ्या? “बावीस.”
खिडकीतून मला एकतीस दिसत होत्या.
मोजलेल्या मेंढीला लांडगा लागतो म्हणतात.
मी बावीस लिहिलं;
आमच्याकडे उत्तर लिहायचं असतं, कुंपण नाही.

माणसं?
तिने तीन बोटं दुमडली, मग एक उघडलं.
“नुरदोलोत येकातेरिनबुर्गला, गोदामात. तिसरा हिवाळा.”
मी त्याला बाहेरगावच्या रकान्यात टाकलं.
तिने त्या रकान्यावर बोट ठेवलं, लोकरीचा वास असलेलं.
“हासुद्धा दोनशे सदतीस?”
हो.
“सगळे नका पाठवू.
एखादीचा घरी असेल.”

शितावरून भाताची परीक्षा, खरं आहे,
पण भात एका भांड्यात असेल तर,
आणि कुणीतरी तळापर्यंत ढवळला असेल तर.
इथे प्रत्येक दरीचं भांडं वेगळं, आच वेगळी.
म्हणून आम्ही दऱ्यांचे थर पाडतो,
थरातून घरं उचलतो,
आणि उत्तराच्या दोन्ही बाजूंना
थोडी जागा सोडतो: अधिक, उणे.
तिथेच असतो तो, घरी राहिलेला,
आईच्या तिसऱ्या हाकेला कुरकुरत उठणारा.

हे मी तिला सांगायला हवं होतं.
मी म्हटलं, सही इथे करा.

परत आल्यावर सातवी ओळ भरली.
वजन खरं तर दोनशे छत्तीस पूर्णांक आठ.
तिला मी अख्खं सांगितलं होतं.
शून्य पूर्णांक आठ आई
मला समजावता आली नसती,
आणि ती चहाचा पेला कुठवर भरायचा
हे विचारत बसली असती.

निघताना तिने वाळवलेल्या दह्याचे गोळे दिले,
मूठभर, न मोजता.
वाटेत बरेच संपले.
तीन इथे आहेत, कळफलकाशेजारी.
खारट. दगडासारखे.
चघळायला अख्खी दुपार लागते.