कडक

ऑटलीत, वॉर्फच्या पुलापासून दोन वळणं आत माझं दुकान.
पाटी नाही. भट्टी आहे, राळेचा वास आहे,
आणि भिंतीवर टांगलेल्या काळ्या फ्रेमा,
चाकं काढलेल्या,
सावलीत वाळत घातलेल्या विजारींसारख्या.

कार्बनला तडा गेला तर रंगाखाली दिसत नाही.
मी दोन पेन्सचं नाणं घेते, नळीवर वाजवत जाते,
बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसं.
टण, टण, टण, टण,
आणि मग एके ठिकाणी, थब.
ठणठणीत या शब्दाचा अर्थ मला या गल्लीत कळला.

मोडेन पण वाकणार नाही, असं वडील म्हणायचे,
घरातल्या प्रत्येक भांडणाच्या शेवटी.
कार्बनचा स्वभाव तंतोतंत तोच.
फक्त तो मोडल्याचं कोणाला सांगत नाही.

तर डेनिस हेपवर्थ. वय एकाहत्तर, आयुष्य छापखान्यात गेलं.
नवी फ्रेम काउंटरवर ठेवली,
आजारी मांजर डॉक्टरपुढे ठेवावं इतक्या हळू.
"चढताना काही म्हणणं नाही," म्हणाला,
"पण शेव्हिन उतरताना रस्त्यातला एकेक खडा
माझ्या मनगटावर सही करून जातो."

कडक आहे, मी म्हटलं.
आमच्याकडे हा बरा शब्द आहे, डेनिस.
चहा कडक, इस्त्री कडक, मुख्याध्यापिका कडक,
आणि माझा भाचा तर नवे बूट पाहूनही म्हणतो, कडक!
भाकरी आणि अंथरूण, एवढी दोनच कडक झालेली चालत नाहीत.
तू अंथरुणाच्या तक्रारीतला.

फ्रेम शिकंज्यात आवळली, पेडलच्या जागी वजन टांगलं,
तबकडीचा काटा हलला न हलला.
आकडा देखणा. जाहिरातीत छापावा असा.
पण हा आकडा पायांना विचारून काढलेला असतो,
बुडाला कोणी विचारत नाही.

मग मी जरा लबाडी केली.
त्याची फ्रेम आणि माझी जुनी, बरीच नरम,
दोन्ही काळ्या चिकटपट्टीत गुंडाळल्या.
चाकं तीच, सीट तीच, हँडलही तेच.
फक्त हवा वेगळी:
त्याच्या कडक फ्रेमखाली साठ,
माझ्या नरम फ्रेमखाली एकशेदहा,
तो पंधरा वर्षांचा असल्यापासून भरत आला तेवढी.

पूलपर्यंत जाऊन आला, एकदा हिच्यावर, एकदा तिच्यावर.
गाल लाल, नाकाला पाणी.
"ही," त्याने स्वतःच्याच फ्रेमवर हात ठेवला,
"ही जिवंत आहे. मागच्या नळ्या लवतात, मला जाणवतं.
ती दुसरी परत पाठव त्यांना."

मी पट्टी सोलायला घेतली, चर्र, चर्र,
निळा रंग दिसायला लागला, त्याचा निळा.
तो बघत राहिला.
मग काही न बोलता खाली वाकला
आणि टायर अंगठ्याने दाबला,
कागदाची जाडी नुसत्या चिमटीत ओळखणारा अंगठा.
पुन्हा दाबला.
"म्हणजे पन्नासेक वर्षं," तो म्हणाला,
"भांडण हवेशी होतं
आणि शिव्या मी पोलादाला दिल्या."

किती झाले, त्याने विचारलं.
काढलेल्या हवेचे पैसे घेत नाही, मी म्हटलं.
तरी जाताना त्याने बरणीत पाचाची नोट टाकली, थोडी रागानेच.

मंगळवारी तो पुन्हा दारात.
हवा पासष्ट, मनगटं मजेत.
पण आता सगळं इतकं शांत झालंय, म्हणाला,
की चढावर एक बारीक टिक ऐकू येते.
डावीकडून. तळाशी कुठेतरी.
आधीपासून असेल कदाचित.

मी नाणं शोधायला लागले.