पंचेचाळीसच्या खाली

सलमाबादला टायरवाल्याच्या मागे
पत्र्याची एक खोली आहे. एसी चालतो, पण माणसांसाठी नाही.
फळीवर चौदा बॅटऱ्या, प्रत्येकीच्या पोटाशी
तिळाएवढा एक मणी चिकटवलेला.
सगळा कारभार त्या मण्याचा. मी नुसता राखणदार.

मणी गार असला की अडून बसतो,
तापत गेला की त्याचा विरोध ढिला पडतो,
आणि ही ढिलाई तारेतून चार्जरला कळते.
पंचेचाळीसच्या वर चार्जर हात आखडतो.
लाल दिवा. मग कुणी कितीही घाई करो.

घाई सगळ्यांनाच असते.
दिलमान येतो दुपारी अडीचला, हेल्मेट न काढता,
बॅटरी टेबलावर आपटतो: लाव.
मी हात लावून पाहतो, मां कपाळाला लावायची तसा,
उलटा, बोटांच्या मागच्या बाजूने.
मग आकडा बघतो. बावन्न.
नाही लावत.
"भाई, रिफ्फाची ऑर्डर आहे, बिर्याणी थंड होईल."
होऊ दे.
थंड बिर्याणीने कुणाची खोली जळाल्याचं ऐकलं नाही मी.

बॅटरी पंख्यासमोर ठेवतो, शेजारी दिलमानला बसवतो.
बर्फ नको, फ्रिज नको, ओलं फडकं तर नकोच.
नुसता वारा, आणि वेळ.
एक्कावन्न. पन्नास.
पन्नास.
पन्नास.
तुमच्या ओखलढुंग्याला आत्ता काय असेल रे, विचारलं,
तर म्हणाला, धुकं,
आणि तेव्हा कुठे त्याने हेल्मेट काढलं.

मागल्या ऑगस्टात तोफायेलची बॅटरी आली
ती तडक वाळूच्या पिंपात.
पोट फुगलेलं, नेलपॉलिशसारखा गोडूस वास.
पेटली नाही, हे तिचे उपकार.
चार दिवस बाहेर उघड्यावर ठेवली, मग हातमोजे घालून सोलली.
आत मण्याची तार कापलेली,
आणि त्या जागी डाळीएवढा एक रेझिस्टर:
तपकिरी, काळा, केशरी पट्टे.
दहा हजार ओहम.
म्हणजे चार्जरच्या कानात कायम एकच उत्तर, पंचवीस.
भर उन्हात पंचवीस.
फुगतानाही पंचवीस.
"रोजची वीस मिनिटं वाचायची, भाई,"
तोफायेल म्हणाला, जमिनीकडे बघत.

मी ओरडायला तोंड उघडलं होतं.
पण मला शुक्रवार आठवला.
दाभोळहून मां विचारते, उकाडा फार काय रे तिथे?
छे गं, मी म्हणतो, एसी असतो, रात्री चादर लागते.
जेवलास? जेवलो.
पाठ दुखते अजून? कधीच थांबली.
सतरा वर्षं.
तपकिरी, काळा, केशरी.

तोफायेलला तेव्हा चहा पाजला आणि नवा मणी जोडून दिला.
त्याचा तो रेझिस्टर माझ्याकडेच आहे,
सुपारीच्या डबीत. कधीमधी अडकित्त्याखाली येतो.

शेहेचाळीस.
पंचेचाळीस.
चव्वेचाळीसला चार्जर तयार होतो, मी होत नाही.
चाळीसपर्यंत थांबायचं, हा कंपनीचा नियम नाही, माझा आहे,
आणि त्याच्यावरून मालकाशी दोनदा वाजलंय.

दिलमानचा फोन थरथरतोय टेबलावर.
रिफ्फाचा माणूस असेल, भुकेला, चिडलेला.
दिलमान कार्टनवर मान टाकून झोपलाय, तोंड उघडं,
कानामागे मिठाची पांढरी रेघ.

एकोणचाळीस.
बॅटरी लावली. हिरवा दिवा लुकलुकला.
संध्याकाळी मांचा फोन येईल.
आकडा काय सांगायचा, अजून ठरलेलं नाही.

जाता जाता दिलमानच्या कपाळाला उलटा हात लावून पाहिला.
उठवत नाही.
हा अजून निवायचाय.