चार मीटर

यंत्र म्हणालं, चार मीटर.
मग अठ्ठावीस. मग पुन्हा चार, पण मागे.
दोन्हीकडून लाल कडे इतके जवळ आलेले
की आभाळाची नुसती चिंधी उरली होती
आणि त्या चिंधीत एकही उपग्रह मावत नव्हता.

"त्याला इथलं कळत नाही," डिऑन म्हणाला.
वय बारा, पायात थोरल्या भावाचे बूट.
मागून त्याची आजी व्हर्ना, सावकाश,
दवाखान्यातली रात्रपाळी डोळ्यांत तशीच,
लोकरी टोपी उन्हातही कानांवर.
इथे जुलै म्हणजे थंडी;
पहाटे तंबूवर हिम साचलं होतं.

कोणी मूठभर धान्य भिरकावावं
तशा लाल चोचीच्या मुनिया डोक्यावरून गेल्या,
आणि वळणाशी पाणी होतं.
उकळून विसरलेल्या चहाच्या रंगाचं.
बोट घातलं तर मनगटापर्यंत कळ गेली.

व्हर्नाने त्यात चिमूटभर वाळू सोडली,
आपल्या भाषेत काहीतरी बोलली.
मी विचारलं नाही.
"पाहुणी आलीय म्हटलं," तीच म्हणाली,
"गुडघा दुखणारी."

पांढऱ्या खोडाच्या निलगिरीखाली, दगडाआड
काडतुसांची जुनी पेटी, रंग उडालेली.
आत एक गोटी, बसचं तिकीट,
प्लास्टिकचा उंट, चावलेली पेन्सिल,
आणि वही.

पहिल्या पानावर चिकटपट्टी.
ज्याने ही पेटी इथे ठेवली
त्याचं नाव त्या पट्टीखाली.
"माझा मामा," डिऑन म्हणाला, आणि थांबला.
व्हर्ना पाण्याकडे बघत राहिली.
गेलेल्याचं नाव त्यांच्यात घेत नाहीत.
किती दिवस, ते तीच ठरवणार.

मी वर्षानुवर्षं डबे शोधत हिंडते,
पुलांखाली, बाकांच्या पोटात, बंद स्टेशनांच्या भिंतींत.
तीनशे सतरा वह्यांत माझं नाव आहे,
वळणदार, खाली रेघ मारलेलं.
इथे तारीख लिहिली
आणि पेन्सिल पुढे जाईना.

डिऑनने वाकून पाहिलं.
"नाव राहिलं. तू आलीच नव्हतीस असं वाटेल."
"असू दे," व्हर्ना म्हणाली,
"पाण्याला सांगितलंय."

उंट होता तिथेच ठेवला.
कोटाचं एक सैल बटण तोडून त्याच्या शेजारी.

घळीबाहेर, मोकळ्यावर, गाडीपाशी पोचलो
तेव्हा कुठे यंत्र शुद्धीवर आलं.
म्हणालं, मागे वळा.