पुठ्ठ्याची चप्पल

यावलला मे महिन्यात
पत्र्याखालची खोली रात्री दोनलाही निवत नाही.
पेटीत तीनशे बारा अंडी.
काटा साडेसदतीसवर हवा,
एकोणचाळीसला टेकलेला.
पंखा जळाला होता. मला वासावरून कळलं.

चौथा दिवस होता त्यांचा.
टॉर्चवर एक धरलं:
लाल कोळ्याचं जाळं, मधोमध टिंब,
पापणी लवावी तसं लवतंय.

ओली गोणपाटं टाकली,
सायराच्या उशाचा टेबलफॅन ओढून आणला.
ती झोपेतच म्हणाली,
'मला पण पेटीत ठेव मग.'

नवा पंखा भुसावळहून यायला पाच दिवस.
काटा उतरायचा, परत चढायचा.
दहाव्या रात्री एकोणचाळीस अंड्यांत
जाळं नव्हतं, नुसतं लाल कडं.
वहीत तो आकडा लिहिताना
हात जरा थांबला.

बाकीच्यांनी घाई केली.
एकोणिसाव्या रात्रीच टोचे,
आतून कुणी हाकलत असल्यासारखे.
बारीक पिल्लं, बेंबी ओली, उघडी.
एकाची बोटं मुठीसारखी वळलेली.

पशुवैद्य गुलशेर तडवी म्हणाले,
अंड्यात थोडी धग सोसलेली पिल्लं
पुढं उन्हाळ्याला टिकतात कधीकधी.
पण थोडी. आणि वेळेवर.
'थोडी म्हणजे किती?'
त्यांनी रुमालानं मान पुसली.

वळल्या बोटांना मी
पुठ्ठ्याची चप्पल चिकटवली, नखाएवढी.
ते उभं राहिलं. पडलं. राहिलं.
वाटीत चोच बुडवून
मान वर केली, पत्र्याकडे.
बाहेर सत्तेचाळीस.