हिशेबात न बसणारे तीन फूट

सॉमरसेटमधल्या या घराचा नकाशा काढायचं काम
मार्चमध्ये माझ्याकडे आलं.
दर्शनी बाजू मधाच्या रंगाच्या घडीव दगडाची,
मधोमध दार, दोन्हीकडे चार-चार खिडक्या,
तागडीत तोलून लावल्यासारख्या.
फक्त डावीकडची शेवटची खिडकी, खिडकी नाही.
विटांवर काळा रंग, त्यावर पांढऱ्या रेघांची तावदानं.

"पावसात तीही चमकते," प्रिडी म्हणाला.
एकोणीस वर्षं इथला राखणदार,
किल्ल्या चाचपत बोलणारा.

मी टेप लावली, मग लेझर, मग पुन्हा टेप.
बाहेरून अठ्ठ्याण्णव फूट.
आतून, भिंतींची जाडी धरून, पंच्याण्णव.
वडील साताऱ्याला बँकेत होते;
रोकड जुळली नाही की
घरी आमची ताटं वाट बघत बसायची.
मी डबा तसाच ठेवला.

तेव्हा प्रिडीने जेवणघरातल्या चिनी वॉलपेपरवर
एका तितराच्या पोटाशी अंगठा दाबला
आणि भिंत उघडली.

आत जिना.
खांदा तिरका केल्याशिवाय चढता येईना.
पुढच्या जिन्याला ओकचा कठडा, कठड्यावर कोरलेली द्राक्षं.
याला कठडाच नाही.
पायऱ्या मधोमध झिजून पळीसारख्या झालेल्या,
भिंतीला गुडघ्याच्या उंचीवर बादल्यांचे ओरखडे,
त्यावर एक तेलकट पट्टा, वळणापर्यंत न तुटलेला:
अंधारात चाचपणाऱ्या हातांचा.

वळणावर त्या खिडकीची पाठ.
बाहेर जिथे काच रंगवली होती
तिथे आत मेणबत्तीची काजळी, जिभेसारखी वर गेलेली.
आणि दोन विटांमधला चुना
कुणीतरी टोकरून काढलेला,
करंगळी जाईल एवढा, आरपार.

"दर रंगकामाला बुजवतो," प्रिडी खालून म्हणाला,
"यंदा राहून गेलं."

मी डोळा लावला.
लॉन. एक मेंढी, अर्धी.
ती पुढे यायची थांबली, तिथे चर आहे,
घरातून कुणाला दिसू नये असा खणलेला.

संध्याकाळी नकाशात जिना बसवला.
तीन फूट जुळले.
ते भोक दाखवायला मात्र
पन्नासास एक या मापात जागाच नव्हती.
पेन्सिलीचं टोक नुसतं टेकवलं.

प्रिडीने चष्मा वर केला, वाकून बघितलं,
"इथे डाग पडलाय," म्हणाला,
आणि खोडरबर शोधू लागला.