रिकामी सोडलेली ओळ

काराशोकला नोव्हेंबरात दुपारी दोनलाच दिवे लागतात.
रेनडिअर-नोंदणी कचेरीत माणसं तीन:
साहेब कळप मोजायला डोंगरावर,
हेंड्रिक आजारी
(त्याचा गळही आजारी असावा, खुंटीवर दिसत नाही),
उरली रिस्तेन.
आणि उरला तो लॅपटॉप,
ज्यानं सोमवारपासून एकच धोशा लावलाय:
या यंत्राला नवी आवृत्ती झेपणार नाही. नवं घ्या.

काय झेपत नाही?
सात वर्षांत चहा सांडला, कुत्र्यानं वायर चावली,
एकदा उणे अडतीसमध्ये रात्रभर गाडीत राहिला
आणि सकाळी, जरा कुरकुरत, उठला.
माणूस असता तर बढती मिळाली असती.

नव्यासाठी अर्ज ओस्लोला करायचा.
ओस्लोचं उत्तर येतं.
येत असतं.

शिवाय एक जुना सल.
तिच्या दरीच्या नावात एक अक्षर आहे,
आपण त्याला ङ म्हणतो आणि पाटी पुसली की विसरतो;
त्यांच्याकडे ते रोजच्या बोलण्यात, नाकात घुमणारं.
नोंदणीच्या कागदावर तिथे
कायम प्रश्नचिन्ह छापून यायचं.
जणू दरीच विचारायची: मी?

बुधवारी भाचा पेनड्राइव्ह ठेवून गेला.
‘फुकट आहे, मावशी. म्हणजे कुणाचंच नाही. म्हणजे सगळ्यांचं.
जाऊ दे, हे बटण दाबून धर.’
साहेबांना विचारलं नाही. डोंगरावर रेंज नसते,
हे कधीकधी बरं असतं.

पट्टी सरकू लागली. अकरा टक्के. अकरा टक्के.
वीस वर्षांच्या कानखुणा, कुठल्या कानाला कुठली चीर, कुणाची,
तिनं दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या होत्या, तीनदा तपासून,
तरी जीव टांगणीला.
देव पाण्यात घालून बसावं, तर नदी गोठलेली.

मग पडद्यानं विचारलं: भाषा?
ती सवयीनं नॉर्वेजियनकडे निघाली होती,
वाटेत तिला तिची भेटली.

धड नव्हती पण.
अर्धे शब्द घरातले, अर्धे इंग्रजी,
बर्फ वितळताना जमीन दिसते तशी, ठिगळाठिगळांनी.
‘जतन करा’ला कुणीतरी
मांस वाळवून ठेवण्याचा शब्द वापरला होता.
ती एकटीच हसली.

कुणी केलं हे? फाइल उघडली. कुणीच अडवलं नाही.
वर नाव: इस्साक, पोल्माक.
इस्साक म्हणजे तो, स्नोस्कूटर दुरुस्त करणारा?
ज्याच्या हाताला कायम ग्रीसचा वास,
जो लग्नात कोपरा धरून बसायचा?
चार हजार ओळी. रात्री जागून केल्या असणार.
लग्नात नाही, पण इथे बोलत बसला होता.

एका ओळीपाशी थांबलाय.
‘यंत्र बंद करा.’ समोर जागा रिकामी.
फोन करावा, तर त्याला जाऊन सहा हिवाळे झाले.

रिस्तेन कोट चढवून तशीच उभी राहिली.
बंद? बंद दुकान करतात.
आई तंबूत रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची,
पहाटे फुंकर घातली की लाल व्हावेत म्हणून;
त्याला एक शब्द होता, अख्खं वाक्य मावलेला.
तो तिनं टाइप केला.
शेपटीवालं अक्षर होतं त्यात. उमटलं.

पाठवून दिलं. कुठे, ते भाच्याला ठाऊक.
तो म्हणाला, कुणीतरी तपासेल, पुढच्या आवृत्तीत येईल.
कोण तपासणार? ही भाषा लिहिणारे हयात किती,
ती बोटं मोजू लागली, मग सोडून दिलं.

बटणावर अजून इंग्रजीच.
तिनं ते दाबलं आणि तोंडानं आपला शब्द म्हटला.
पडदा काळा झाला. आत पंखा थोडा वेळ
नाकातल्या नाकात घुमत राहिला.

प्रिंटर अजून ऐकत नाहीये. ते उद्या बघू.